शेक नेमका कुठे द्यायचा?

जोगेश्वरी स्थानकावर सकाळी साडेआठच्या सुमारास चर्चगेटकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत चढणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. गेल्या वर्षी सलग सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, मी ती गाडी पकडत होतो. माझ्यासोबत आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका असत. ते दिव्यांग आणि कर्करुग्णांसाठी राखीव असलेल्या डब्यात चढायचे आणि मी शेजारच्या डब्यात. उतरल्यावर फलाटावर पुन्हा भेट. काका बेस्टच्या मजास आगारातून निवृत्त झालेले कंडक्टर. आयुष्यभर तिकिटे मोजलेला माणूस, त्यामुळे आपल्या उपचारांचाही हिशेब ते चोख ठेवत. एकूण तीस वेळा शेक घ्यायचा होता. घरी परतले की कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात एक टिंब काढायचे आणि म्हणायचे, “चला, आणखी एक तिकीट फाटलं.”

आपल्याकडे रेडिएशनला घरात कुणी रेडिएशन म्हणत नाही. ‘शेक’ म्हणतात, नाहीतर ‘लाईट घेतोय’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण फसवा आहे. गुडघा दुखला की पिशवीत गरम पाणी भरून शेकतात, तसे काही हे नाही. किरण लागत असताना काहीच जाणवत नाही. ऊब नाही, चटका नाही. जे व्हायचे ते आत, पेशींच्या गाभ्यात होते, आणि त्याचा परिणाम दिवसांनी, आठवड्यांनी दिसतो. म्हणूनच तो किरण नेमका कुठे पडतो आहे, याची रोग्याला काहीच कल्पना येत नाही.

काकांची गाठ उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात होती. उपचार सुरू होण्याआधी त्यांच्या छातीवर बारीक ठिपके गोंदले गेले, रोज त्याच स्थितीत निजता यावे म्हणून खालचा साचा करण्यात आला, सीटी स्कॅन झाला, संगणकावर आराखडा झाला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांनी तिथल्या तंत्रज्ञ मुलीला विचारले, “ताई, तुम्ही मला हलू नका म्हणता. मी नाही हलत. पण मी श्वास घेतो तेव्हा आतली गाठ हलत असेल की नाही?”

ती हसली आणि म्हणाली, “हलते ना काका. म्हणून तर जरा मोठा गोल घेतलाय.”

हे ‘जरा मोठा गोल’ प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. फुप्फुसाच्या तळाशी, श्वासपटलाजवळ असलेली गाठ एका श्वासात एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वर-खाली सरकते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर तेवढ्या वेळा ती जाते आणि येते. मग डॉक्टर काय करतात, तर गाठ जिथे जिथे जाऊ शकेल तो सगळा भाग आणि वर थोडी सुरक्षित कड धरून किरणांचे क्षेत्र आखतात. आता साधे शाळेतले गणित करा. गाठ तीन सेंटिमीटर व्यासाची, लहान लिंबाएवढी. चहूबाजूंनी फक्त एक सेंटिमीटर कड धरली तर व्यास होतो पाच, म्हणजे लहान संत्र्याएवढा. पण घनफळ व्यासाच्या घनाने वाढते. सत्तावीस भागांचे एकशे पंचवीस भाग झाले, साडेचार पटींहून अधिक. म्हणजे एक वाटा गाठ आणि साडेतीन वाटे धडधाकट फुप्फुस, असा तो शेक जातो. चौथ्या आठवड्यात काकांना घास गिळताना अन्ननलिकेत आग होऊ लागली, पुढे कोरडा खोकला लागला, त्यामागे हाच हिशेब होता. डॉक्टरांची चूक नव्हती. गाठ चुकण्यापेक्षा कड मोठी धरलेली बरी, हा विचार रास्तच आहे. प्रश्न एवढाच की गाठ नेमकी कुठे आहे हे त्या क्षणी दिसत नाही, म्हणून ही किंमत मोजावी लागते.

जोगेश्वरी पूर्वेला राहणाऱ्यांनी आपली लेणी पाहिली असतीलच. नसतील तर एखाद्या रविवारी जरूर पाहावीत, चौदा-पंधराशे वर्षांचे वैभव आपण वस्तीच्या गराड्यात विसरून बसलो आहोत. भर दुपारी आत शिरले की आधी काही दिसत नाही. टॉर्च मारला तर खांब दिसतात, भिंती दिसतात, कुठे कोपरा झिजला आहे ते दिसते. पण देवी कुठे बसली आहे हे कळते ते तिच्यापुढे तेवणाऱ्या दिव्यामुळे. क्ष-किरण आणि सीटी स्कॅन हा बाहेरून मारलेला टॉर्च आहे. त्याने आकार कळतो. अणुवैद्यक करते ते वेगळे. ते दिवाच आत पाठवते आणि तो जिथे जाऊन बसतो ती जागा बाहेरून टिपते.

हा दिवा आत जातो कसा, याची कथा शंभर वर्षांची आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले की कर्करोगाच्या पेशी साखरेला फार हपापलेल्या असतात. पुढे साखरेच्या रेणूला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडण्याची युक्ती निघाली आणि १९७६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ही साखर प्रथम माणसाला टोचण्यात आली. पेशी ती नेहमीची साखर समजून आत घेते, पण पचवू शकत नाही, आणि ती तिथेच अडकून पडते. फ्लोरीनच्या अणूतून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जेमतेम मिलिमीटरभर जातो, तिथे त्याला इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. मागे राहतात ते अगदी विरुद्ध दिशांना सुटलेले दोन गॅमा किरण. रोग्याभोवतीच्या कड्यातल्या दोन संवेदकांना ते एकाच वेळी लागले की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी साखर आहे, हे ठरते. अशा लाखो रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे चित्र उमटते. पेट स्कॅन म्हणतात तो हाच.

या विद्येत मुंबई मागे नाही, किंबहुना देशात ती पुढे राहिली आहे. तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालचे. ते १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय आरोग्य खात्याकडून काढून अणुऊर्जेकडे का द्यायचे, असे कुणालाही वाटेल. त्यामागे होमी भाभांची दृष्टी होती: किरणोत्सर्गाचा वैद्यकात मोठा उपयोग होणार हे त्यांनी ओळखले होते. १९६३ मध्ये परळमध्येच भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर निघाले. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट यंत्र २००२ साली याच केंद्रात आले, आणि पेट आणि सीटी एकत्र असलेले देशातले पहिले यंत्र २००४ मध्ये टाटा रुग्णालयात बसले. गिरण्यांच्या भोंग्यांचे परळ आपल्याला ठाऊक असते. हे परळ मात्र उपनगरातल्या माणसाला घरात दुखणे आल्यावरच कळते.

गाठ दाखवणारा आणि गाठ मारणारा एकच, ही कल्पनाही या परळला नवी नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते. तिच्या कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठेही पसरल्या तरी त्यांतल्या बऱ्याच जणी ही सवय सोडत नाहीत. आयोडीन-१३१ पाजले की ते त्यांच्याकडे बरोबर जाते. त्यातले गॅमा किरण बाहेर येऊन पत्ता सांगतात, बीटा किरण तिथेच राहून पेशी मारतात. गेली साठ वर्षे या केंद्रात असे रोगी येत आहेत. अलीकडे तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होणाऱ्या ल्युटेशियम-१७७ मुळे प्रोस्टेटच्या आणि आणखी काही प्रकारच्या गाठींनाही तोच न्याय लागू झाला आहे. पण फुप्फुसाला, अन्ननलिकेला, गर्भाशयाच्या मुखाला झालेला कर्करोग आयोडीनसारखी एकच ओढ दाखवत नाही. तिथे शेक बाहेरूनच द्यावा लागतो, आणि म्हणून ‘कुठे?’ हा प्रश्न उरतोच.

पेट स्कॅनने या ‘कुठे’ला उत्तर दिले का? बरेचसे दिले, पण त्यात दोन खाचखळगे आहेत आणि काकांच्या बाबतीत आम्ही दोन्हींत ठेचकाळलो.

पहिला खळगा वेळेचा. फ्लोरीन-१८चे आयुष्य दर ११० मिनिटांनी निम्मे होते. पावणेचार तासांत चौथा हिस्साही उरत नाही. म्हणजे हा माल साठवून ठेवता येत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये तो बनवायचा, शिशाच्या डब्यात घालून गाडीत ठेवायचा आणि पळत सुटायचे. आपल्या पश्चिम द्रुतगती मार्गावर सकाळी दहा वाजता गाडी अडकली तर औषध रस्त्यातच म्हातारे होते. म्हणून स्कॅन असलेल्यांना भल्या सकाळी उपाशीपोटी बोलावतात. टोचल्यावर तासभर शांत पडून राहायचे, बोलायचेही नाही, मग यंत्रात जायचे. रक्तातली साखर वाढलेली असेल तर तारीख पुढे जाते, आणि मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे.

काकांचा पेट स्कॅन झाला एका ठिकाणी, शेक ठरला दुसऱ्या ठिकाणी. मध्ये कागदपत्रे, योजनेची मंजुरी, एक अहवाल हरवला म्हणून पुन्हा फेरी. कुणाचे नाव घेण्यात अर्थ नाही. थोड्याफार फरकाने हे सगळीकडेच घडते. शेक सुरू झाला तेव्हा स्कॅनला सात आठवडे उलटून गेले होते. फुप्फुसाची गाठ सात आठवडे वाट पाहत बसत नाही. शिवाय स्कॅन झाला तो गोलसर, मऊ पलंगावर हात बाजूला ठेवून, आणि शेक घ्यायचा सपाट, कडक पाटावर हात डोक्यावर घेऊन. छातीच्या आतली रचना या दोन स्थितींत एकसारखी राहत नाही. डॉक्टरांनी दोन्ही चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवली, पण बसवताना जे जुळले नाही त्यासाठी कड आणखी वाढली. काकांच्या गिळण्याच्या वेदनेत त्या सात आठवड्यांचाही वाटा होता, असे मला आजही वाटते.

दुसरा खळगा खास आपला. साखर फक्त कर्करोगच ओढून घेतो असे नाही. मेंदू घेतो, हृदय घेते, मूत्राशयात ती साठते. या जागा डॉक्टरांना पाठ असतात. पण जिथे सूज आहे, जंतूंशी लढाई चालू आहे, तिथेही साखर धावते. आणि क्षयाच्या गाठी तर पेट स्कॅनवर कर्करोगाइतक्याच झगझगीत दिसू शकतात. काकांच्या स्कॅनमध्ये छातीच्या डाव्या बाजूला, म्हणजे मूळ गाठीच्या विरुद्ध बाजूला, एक लसिकाग्रंथी चमकत होती. अहवालात ‘पसरल्याची शक्यता’ असे शब्द होते. घरात त्या रात्री चूल पेटली नाही. विरुद्ध बाजूला पसरला असेल तर रोगाची पायरी वर जाते, शेकाचे क्षेत्र छातीभर होते, कधी कधी तर बरे करण्याचा बेत सोडून नुसता आराम देण्याचा बेत धरावा लागतो.

काकांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र एक जुना प्रश्न विचारला: “कधी टीबी झाला होता?” झाला होता. एकोणीसशे एक्क्याऐंशी साली, मेघवाडीत दहा बाय दहाच्या खोलीत सातजण राहत असताना. बाईंनी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून त्या ग्रंथीतला सुईभर तुकडा काढवला. अहवाल आला: कर्करोग नाही, जुन्या क्षयाच्या खुणा. आराखडा उजव्या बाजूपुरताच राहिला. त्या एका सुईने काकांचे डावे फुप्फुस वाचवले. परदेशातल्या पुस्तकांत हा मुद्दा तळटिपेत असतो. आपल्याकडे तो पहिल्या पानावर हवा. क्षयाच्या देशात जे चमकते ते सगळे कर्करोग नव्हे, आणि चमक बघून शेक देण्याची घाई करणारा डॉक्टर आणि ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ या समजुतीपायी सुईला नकार देणारा नातेवाईक, दोघेही सारखेच धोक्याचे.

याच सुमारास काकांच्या अमेरिकेतल्या पुतण्याचा संदेश आला. तिकडे असे यंत्र निघाले आहे की गाठ स्वतःच किरणांना बोलावून घेते, काकांना इकडे आणा. मी सवयीने दुर्लक्ष करणार होतो, कारण कर्करोगावरचे चमत्कार मोबाईलवर दररोज निघतात. पण हे खरे निघाले. कॅलिफोर्नियातल्या रिफ्लेक्शन नावाच्या कंपनीने पेट स्कॅनचे संवेदक आणि शेक देणारे यंत्र एकाच कड्यावर बसवले आहे. कडे सेकंदाला एक फेरा घेते. रोग्याला आधी किरणोत्सारी साखर टोचलेली असते. गाठीतून सुटणारे गॅमा किरण टिपायचे आणि पूर्ण चित्र तयार होण्याची वाट न पाहता, सेकंदाच्या अंशात, त्याच रेषेच्या रोखाने शेकाचा किरण आत सोडायचा. गाठ श्वासाबरोबर वर गेली तर किरणही वर, खाली आली तर खाली. काकांनी तंत्रज्ञ ताईला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. फुप्फुसातल्या आणि हाडातल्या गाठींसाठी ही पद्धत वापरायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३च्या फेब्रुवारीत मान्यता दिली.

मला या यंत्राचे कौतुक आहे आणि शंकाही आहेत. शेकाच्या प्रत्येक दिवशी नवी सुई टोचावी लागते, म्हणजे दर वेळी तो ११० मिनिटांचा पाठलाग आला, खर्च आला आणि किरणोत्सर्गाचा थोडा वाढीव डोसही आला. म्हणून ते मोजक्या पाच-सात बैठकींच्या शेकाला शोभते, तीस बैठकींच्या नव्हे. गाठ पुरेशी चमकत नसेल तर यंत्र आंधळेच. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठी पेटला बहुधा दिसतच नाहीत. आणि चमकणारी गाठ क्षयाची निघाली तर हे अतिहुशार यंत्र तिचाही तितक्याच इमानाने पाठलाग करील. सुईचा तुकडा आणि जुना टीबी विचारणारी डॉक्टरीणबाई यांना त्या कड्यावर जागा नाही.

तेव्हा मुंबईने उद्या ते यंत्र आणावे असा माझा आग्रह नाही. कुठल्याशा बड्या रुग्णालयात ते येईलही, फीत कापली जाईल, छायाचित्र छापून येईल. माझे मागणे त्याहून खालच्या पट्टीतले आहे आणि ते आजच्या यंत्रांतच भागण्यासारखे आहे. ज्याला शेक द्यायचा ठरले आहे त्याचा पेट स्कॅन शेकाच्याच स्थितीत, सपाट पाटावर, त्याच साच्यात व्हावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. दोन विभागांनी एकमेकांना फोन करावा लागतो. स्कॅन आणि पहिला शेक यांच्यात किती दिवस गेले हे प्रत्येक केसपेपरवर ठळक लिहिले जावे, म्हणजे निदान सगळ्यांना ते दिसेल. सरकारी योजनेत शेकाला मंजुरी देताना त्याआधीच्या स्कॅनची आणि सुईच्या तपासणीची मंजुरी त्याच कागदावर मिळावी. एक फेरी वाचली की आठवडा वाचतो.

आणि जागेचे काय? दहा लाख लोकांमागे शेकाचे निदान एक यंत्र असावे, असा मापदंड सांगितला जातो. देशात आपण त्याच्या बरेच खाली आहोत. मुंबईत यंत्रे आहेत, पण ती कुठे आहेत आणि कुणासाठी आहेत हे पाहावे. वांद्रे ओलांडून उत्तरेला आलो की खासगी रुग्णालयांत सगळे काही आहे, चकचकीत आहे. खिशाला झेपेल असे हवे असेल तर आमच्या भागातला बहुतेक माणूस अजूनही परळचा, नाहीतर थेट खारघरचा रस्ता धरतो. अंधेरीपासून दहिसरपर्यंत एवढी वस्ती वाढली, मेट्रो आली, जोगेश्वरीत महामार्गाला लागून अपघातग्रस्तांसाठी पालिकेचे मोठे रुग्णालय झाले. ते होण्यामागे साधा विचार होता, की जखमी माणसाला शहरात नेईपर्यंत वेळ जातो. कर्करोगाचा वेळ मिनिटांत नव्हे, आठवड्यांत जातो, एवढाच काय तो फरक. भाभा केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन हे कोबाल्टचे देशी यंत्र आहे, परदेशी यंत्रांहून स्वस्त आहे. उपनगरात सार्वजनिक पैशाने एक शेक-विभाग आणि त्याच छपराखाली एक पेट यंत्र उभे करायला कुठल्या नव्या शोधाची वाट पाहायची आहे, हे पालिकेने आणि राज्य सरकारने एकदा सांगावे. परळला १९६० च्या सुमारास जे सुचले ते उपनगराला साठ वर्षांनी तरी मिळावे.

काकांचे तिसावे तिकीट ऑक्टोबरात फाटले. त्या दिवशी त्यांनी रुग्णालयातल्या ताईला पेढे दिले आणि परतीच्या गाडीत, दुपारची वेळ असल्याने, आम्ही दोघे फलाटावर एकाच बाकावर बसून चार गाड्या सोडल्या. गाठ गेली का, हे त्यांना लगेच जाणून घ्यायचे होते. डॉक्टरीणबाईंनी समजावले की शेकानंतर तिथे सूज असते, सुजेलाही साखर लागते, घाईने स्कॅन केला तर भलतेच चमकेल आणि पुन्हा सगळ्यांची झोप उडेल. निदान तीन महिने थांबा. काकांनी कालनिर्णयची जानेवारीची बाजू काढून त्यावर एक गोल केला. आधी लहान काढला, मग विचार करून जरा मोठा केला.

मध्ये सर्दी-खोकला झाला म्हणून ती तारीखही दोन आठवडे पुढे गेली. आता येत्या गुरुवारी सकाळी सातला जायचे आहे. चहासुद्धा चालणार नाही, हे काकूंनी त्यांना दोनदा सांगून ठेवले आहे.